चितळ-सांबरांचे पोषण कसे तपासावे: जंगलात नव्याने काम सुरू करणाऱ्यांसाठी

मे महिन्यात ताडोबा, पेंच किंवा नागझिऱ्याच्या पाणवठ्यावर बरगड्या दिसणारी चितळे आली की दोन प्रकारची माणसे दोन टोकाचे निष्कर्ष काढतात. एक म्हणतो, जंगलात चारा संपला, प्राणी उपाशी मरताहेत. दुसरा म्हणतो, उन्हाळ्यात असेच असते, काही करायला नको. दोघांकडेही पुरावा नसतो. हा लेख तो पुरावा गोळा करण्याच्या पद्धतीबद्दल आहे. वनरक्षक, पशुवैद्यकाचे विद्यार्थी, वन्यजीव संशोधनात पहिलेच पाऊल टाकणारे आणि स्वयंसेवी संस्थांचे कार्यकर्ते डोळ्यांसमोर ठेवून तो लिहिला आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच मनात पक्की करा. एका हरणाकडे पाहून कळपाचे पोषण कळत नाही आणि एका चाचणीवरूनही ते कळत नाही. एकाच वयोगटाची, एकाच लिंगाची, एकाच ऋतूतली माहिती वर्षानुवर्षे शेजारी ठेवली तरच तिच्यातून काही बोलता येते. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

खाली दिलेले तपशील चितळ आणि सांबर यांच्यासाठी आहेत. भेकर लाजाळू आणि बहुधा एकटे असते, त्यामुळे गटाची निरीक्षणे पुरेशी मिळत नाहीत. नीलगाय, चौसिंगा, काळवीट यांची शरीररचना आणि सवयी वेगळ्या असल्याने पुढे दिलेले शरीरस्थितीचे गुणांकन त्यांना जसेच्या तसे लावू नका.

१. आधी परवानगी

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ च्या कलम २८ नुसार अभयारण्यात अभ्यासासाठी जायला परवाना लागतो. महाराष्ट्रात संशोधनाचा अर्ज नागपूरच्या प्रधान मुख्य वनसंरक्षक (वन्यजीव) यांच्या कार्यालयाकडे जातो. व्याघ्र प्रकल्प असेल तर क्षेत्र संचालकांशी आधीच बोलून घ्या. अर्जासोबत साधारणपणे ही कागदपत्रे तयार ठेवावीत:

- संशोधन प्रस्ताव: उद्देश, पद्धत, कालावधी, कोणती बीटे (एकेका वनरक्षकाकडे असलेले जंगलाचे भाग), किती फेऱ्या
- संस्थेचे किंवा मार्गदर्शकाचे पत्र
- चमूतील प्रत्येकाचे ओळखपत्र आणि छायाचित्र
- कामाच्या क्षेत्राचा नकाशा
- उपकरणांची यादी
- कोणते नमुने, किती आणि कोणत्या प्रयोगशाळेत जाणार याची यादी

नवखे सर्वांत जास्त अडकतात ते शेवटच्या मुद्द्यावर. निरीक्षणाची परवानगी मिळाली म्हणजे लेंड्या उचलायची मिळाली असे नाही. प्रस्तावात 'लेंड्यांचे नमुने', 'मृत प्राण्याच्या हाडाचा नमुना' असे स्पष्ट लिहून मंजुरी घ्या. गळून पडलेली शिंगे कितीही उपयोगी वाटली तरी उचलू नका. जागेवरच मोजा, फोटो काढा आणि तशीच ठेवा. शिंगे जवळ सापडली तर गुन्हा दाखल होतो.

२. सोबत काय न्यावे

८×४२ ची दुर्बीण, निदान ३०० मिलिमीटर लेन्सचा कॅमेरा, अंतरमापक, जीपीएस, छापील नोंदपत्रके आणि पेन्सिल (पावसात पेन चालत नाही). नमुन्यांसाठी कागदी पिशव्या, झिप पिशव्या, सिलिका जेल, पुसली न जाणारी शाई असलेला मार्कर, हातमोजे, मास्क, ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा वजनकाटा. जंतांच्या तपासणीचे नमुने साठवायचे असतील तर १० टक्के फॉर्मेलिन.

लेंड्या प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून दिवसभर उन्हात फिरू नका. आत घाम सुटतो, बुरशी धरते आणि नायट्रोजनचा आकडा बिघडतो. कागदी पिशवी वापरा आणि संध्याकाळी तळावर पोचल्याबरोबर नमुने सुकवायला घ्या.

वनरक्षकाशिवाय पायी फिरू नका. गवतात वाकून लेंड्या वेचणारा माणूस वाघाला माणसासारखा दिसत नाही. मोहफुलांच्या दिवसांत, म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये, पहाटे मोहाच्या झाडाखाली अस्वल असण्याची शक्यता धरूनच चाला.

३. वर्षातून तीन फेऱ्या ठरवा

विदर्भातल्या पानगळीच्या जंगलात पोषणाचा आलेख वर्षभर वरखाली होतो. पावसाळ्यात कोवळे गवत भरपूर असते आणि ऑक्टोबरअखेर जनावरे सर्वांत चांगल्या अंगाची असतात. फेब्रुवारीपर्यंत गवत वाळून काडी होते. मग मोहफुले, बेहडा, आवळा, बोरे, तेंदूची फळे आणि वानरांनी झाडावरून टाकलेला पाला यांवर भर येतो. मेअखेर ते पहिल्या पावसापर्यंतचा काळ सर्वांत वाईट.

म्हणून ऑक्टोबरअखेर, फेब्रुवारी आणि मेचा दुसरा पंधरवडा अशा तीन फेऱ्या ठेवा. त्या पुढच्या वर्षीही त्याच तारखांच्या आसपास करा. या वर्षीचा मे गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीशी ताडून 'घसरण झाली' असे म्हणणे ही नेहमीची चूक आहे.

पहिल्या पावसानंतरचे आठ-दहा दिवस फेरी टाळा. वाळल्या चाऱ्यावरून एकदम पाणीदार कोवळ्या गवतावर आल्याने चितळांना पातळ हगवण लागते. ती रोगाची खूण असेलच असे नाही, पण त्या दिवसांतले लेंड्यांचे नमुने कुठल्याच तुलनेला उपयोगी पडत नाहीत.

४. शरीरस्थितीचे गुणांकन

हे या कामाचे हृदय आहे. खर्च जवळजवळ नाही, प्राण्याला हातही लावावा लागत नाही, आणि नीट केले तर एवढी विश्वासार्ह माहिती दुसऱ्या कुठल्याही मार्गाने मिळत नाही.

पाठीमागून आणि तिरकस बाजूने पुठ्ठा कसा दिसतो यावर ही पद्धत उभी आहे. वन्यजीवशास्त्रज्ञ थेन रायनी यांनी १९६० मध्ये अशी दुरून पाहायची पद्धत मांडली, तीत पुठ्ठ्याची ठेवण हाच मुख्य निकष होता. कारण सोपे आहे. अंगावरची चरबी ठरावीक क्रमाने जाते: आधी पाठ-पुठ्ठ्यावरची कातडीखालची, मग आतल्या अवयवांभोवतीची, अगदी शेवटी हाडांतली. पुठ्ठा पहिल्यांदा बोलतो.

खुब्याचे हाड, शेपटीचे मूळ, कणा आणि बरगड्या या चार जागा पाहून १ ते ५ गुण द्या:

- ५: पुठ्ठा पूर्ण गोल, शेपटीचे मूळ मांसात बुडालेले, कण्याची रेषा दिसत नाही.
- ४: पुठ्ठा गोलसर, खुब्याचे हाड फक्त चालताना जाणवते.
- ३: पुठ्ठा कोनदार, खुबा दिसतो पण टोकदार नाही. मागच्या दोन-तीन बरगड्यांची पुसट छाया.
- २: खुबा आणि शेपटीचे मूळ यांच्यामधला भाग सपाट किंवा थोडा खोल. कण्याची रेषा स्पष्ट, बहुतेक बरगड्या मोजता येतात.
- १: पुठ्ठ्यावर खड्डा, सगळी हाडे टोकदार, मान बारीक, मांडीचे मांस उतरलेले.

अर्धे गुण देऊ नका. दुरून तेवढा फरक पकडता येतो हा भ्रम आहे.

आता सापळे. हे नीट वाचा, कारण गुणांकन इथेच फसते.

*पोट पाहून गुण देऊ नका.* निकृष्ट, काडीदार चारा खाल्ला की तो कोठीपोटात (रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटाच्या सर्वांत मोठ्या कप्प्यात) जास्त वेळ राहतो आणि पोट फुगलेले दिसते. उपाशी मरणारे जनावरही पोटाने भरलेले असू शकते. गाभण मादीही फसवते. डाव्या भकाळीचा (बरगड्यांमागच्या कुशीचा) खळगा फक्त एवढेच सांगतो की प्राण्याने गेल्या काही तासांत खाल्ले आहे की नाही.

*प्रकाश.* सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात बरगड्यांच्या सावल्या लांबतात आणि ३ गुणांचे चितळ २ वाटते. भर दुपारच्या उन्हात उलटे होते. प्रकाशाची दिशा नोंदवा आणि शक्यतो सूर्य तुमच्या पाठीशी असताना गुण द्या.

*ओले अंग.* भिजलेले जनावर नेहमी एक गुण कमी दिसते. पावसात गुणांकन करू नका.

*सांबराची लव.* हिवाळ्यात सांबराचे केस राठ आणि दाट असतात, मानेवर आयाळ असते. बरगड्या दिसतच नाहीत. सांबरासाठी पुठ्ठा आणि खुबा यांवरच विसंबा.

*नर.* चितळाचे नर उन्हाळ्यात माजावर येतात. कडक शिंगांचा नर त्या काळात खाण्यापेक्षा माद्यांच्या मागे आणि झुंजीत वेळ घालवतो आणि झपाट्याने उतरतो. त्याचा चाऱ्याशी संबंध नसतो. म्हणून निष्कर्षासाठी मुख्य गट प्रौढ माद्यांचा धरा. त्यातही पाडस सोबत असलेल्या माद्यांची वेगळी नोंद करा. दूध देणाऱ्या मादीला सर्वांत जास्त पोषण लागते, त्यामुळे चारा कमी पडू लागला की तो आधी तिच्या अंगावर दिसतो.

अंतर ६० मीटरच्या आत असेल तरच गुण द्या. प्रत्येक फेरीत प्रत्येक भागातल्या किमान ३० प्रौढ माद्या पाहा. तीच मादी दोनदा मोजली जाऊ नये म्हणून एका कळपाचे गुणांकन एकदाच, एका बाजूने सुरू करून दुसऱ्या बाजूपर्यंत सलग करा. समोर येणारी बारीक जनावरे निवडून मोजायचा मोह होतो. तो टाळण्यासाठी 'कळपातली दर दुसरी मादी' असा नियम आधीच ठरवा.

काम सुरू करण्यापूर्वी चमूतल्या सगळ्यांनी तेच २०-२५ फोटो एकमेकांशी न बोलता गुणांकित करावेत. एका गुणापेक्षा जास्त फरक वारंवार येत असेल तर पुन्हा सराव करा. दरवर्षी नवीन माणूस आला की हा सराव पुन्हा करायचा.

बुद्धपौर्णिमेच्या मचाण गणनेत पुष्कळ जनावरे जवळून दिसतात. पण चांदण्यात दिलेला गुण नोंदवू नका. सायंकाळचा आणि पहाटेचा उजेड वापरा आणि अशक्त जनावरे पाण्याभोवतीच रेंगाळतात हे लक्षात ठेवून पाणवठ्यावरची आकडेवारी वेगळ्या रकान्यात लिहा. पर्यटनाच्या रस्त्याकडेच्या नोंदींचेही तसेच.

५. पाडसांचे प्रमाण

दर १०० प्रौढ माद्यांमागे किती पाडसे आणि किती एक ते दोन वर्षांची पिले, हे मोजा. चितळाचा गर्भकाळ साधारण साडेसात महिन्यांचा. उन्हाळ्यातल्या माजानंतर हिवाळ्यात पाडसांची संख्या वाढते, तरी चितळात विणी वर्षभर थोडी थोडी चालूच असते. जन्मानंतर सुरुवातीचे काही दिवस पाडस गवतात दडून असते आणि मोजणीत येत नाही. म्हणून चितळासाठी फेब्रुवारीअखेर ते मार्चची मोजणी जास्त उपयोगी.

पाडसे कमी आढळली की लगेच कुपोषण म्हणू नका. रानकुत्र्यांची टोळी त्या भागात फिरत असेल तर पाडसे तशीही कमी होतात. माद्यांचे गुण चांगले आणि पाडसे कमी असतील तर शिकारी प्राणी किंवा रोग तपासा. माद्यांचे गुण खालावलेले आणि पाडसेही कमी असतील तर चाऱ्याकडे वळा.

६. लेंड्या काय सांगतात

लेंड्यांतल्या नायट्रोजनवरून आहारातल्या प्रथिनांचा अंदाज येतो. रवंथ करणाऱ्या प्राण्याच्या कोठीपोटातले सूक्ष्मजीव नीट काम करायला आहारात साधारण ६ ते ७ टक्के क्रूड प्रोटीन (नायट्रोजनवरून काढलेली एकूण प्रथिने) लागते. वाढीच्या वयात आणि दूध देताना गरज बरीच जास्त. मे महिन्यातले वाळलेले गवत बहुतेकदा या पातळीच्या खाली असते, म्हणून झाडपाला, फुले आणि फळे निर्णायक ठरतात.

नमुने असे घ्या:

कळप चरून पुढे सरकला की त्याच जागी जा. त्यामुळे कोणत्या प्राण्याच्या लेंड्या आहेत हा प्रश्नच उरत नाही. हे महत्त्वाचे आहे, कारण मोठ्या चितळाच्या आणि लहान सांबराच्या लेंड्या आकारावरून सांगता येतीलच असे नाही. एकाच जागी साचलेला मोठा ढीग दिसला तर तो नीलगाय किंवा चौसिंग्याचा असण्याची शक्यता धरा. ही दोन्ही जनावरे ठरलेल्या जागी लेंड्या टाकतात.

चकचकीत, ओलसर आवरण असलेल्याच लेंड्या घ्या. शेणकिड्यांनी पोखरलेल्या किंवा पावसाने धुतलेल्या नकोत. १५-२० ढिगांतून प्रत्येकी ५ लेंड्या एकत्र करून एक मिश्र नमुना बनवा. एका भागात, एका फेरीत असे ३ ते ५ मिश्र नमुने पुरेत. ५५ ते ६० अंश सेल्सियसला वजन स्थिर होईपर्यंत सुकवा, १ मिलिमीटर चाळणीतून जाईल इतके दळा. केल्डाल पद्धतीने नायट्रोजन मोजायला अर्धा ते एक ग्रॅम पूड पुरते. पशुवैद्यकीय महाविद्यालयांच्या पशुपोषण विभागात चाऱ्यासाठी हीच चाचणी होते, तिथे विचारा.

प्रयोगशाळेला राखेचे प्रमाणही काढायला सांगा आणि नायट्रोजन सेंद्रिय पदार्थाच्या टक्केवारीत मागा. लेंड्यांना माती चिकटलेली असते. राख वजा केली नाही तर दोन भागांची तुलना मातीची तुलना होऊन बसते.

सर्वांत मोठा धोका टॅनिनचा. टॅनिन असलेला पाला खाल्ला की प्रथिने त्याला बांधली जाऊन न पचता बाहेर पडतात. लेंड्यांत नायट्रोजन जास्त दिसतो, पण प्राण्याला मिळालेला असतो कमी. उन्हाळ्यात झाडपाल्यावर जगणाऱ्या सांबरात हे हमखास घडते. म्हणून हा आकडा शरीरस्थितीच्या गुणांबरोबरच वाचा. गुण घसरताहेत आणि नायट्रोजन वाढतो आहे, असे दिसले तर गुणांवर विश्वास ठेवा.

त्याच लेंड्यांतून जंतांची अंडी मोजता येतात. मॅकमास्टर पद्धतीत २ ग्रॅम लेंड्या २८ मिलिलिटर संपृक्त मिठाच्या द्रावणात कालवून गाळायच्या, काचेच्या दोन्ही कप्प्यांतली अंडी मोजायची आणि बेरजेला ५० ने गुणायचे. उत्तर दर ग्रॅममागे अंड्यांचे. यासाठी नमुना ताजा हवा, सुकवलेला चालत नाही. यकृतातल्या चपट्या जंतांची अंडी जड असतात, ती मिठात तरंगत नाहीत. त्यांच्यासाठी गाळ बसवण्याची वेगळी पद्धत लागते. मिठाच्या द्रावणात काही सापडले नाही म्हणून 'जंत नाहीत' असे लिहू नका.

७. मृत प्राणी मिळाला तर

आधी लांबून पाहा. नाका-तोंडातून किंवा गुदद्वारातून काळसर, न गोठलेले रक्त आले असेल, अंग लवकर फुगले असेल तर शवाला हात लावू नका आणि उघडू तर अजिबात नका. ती काळपुळी, म्हणजे फाशी, असू शकते. हवेशी संबंध आला की तिचे बीजाणू तयार होतात आणि मातीत वर्षानुवर्षे टिकतात. जागा राखा, वन विभागाला आणि पशुवैद्यकीय अधिकाऱ्याला कळवा.

शवविच्छेदन पशुवैद्यकीय अधिकारीच करतील. तुमचे काम त्यांना दोन मापे घ्यायची विनंती करणे एवढेच.

पहिले, मूत्रपिंडाभोवतीची चरबी. रायनी यांनी १९५५ मध्ये न्यूझीलंडमधल्या लाल हरणांवर ही पद्धत वापरली. मूत्रपिंडाच्या दोन्ही टोकांशी आडवा छेद देऊन फक्त मधली, मूत्रपिंडाला चिकटलेली चरबी ठेवायची. चरबी आणि मूत्रपिंड वेगवेगळे तोलायचे. चरबीचे वजन भागिले मूत्रपिंडाचे वजन, गुणिले १००. मूत्रपिंड ७५ ग्रॅम आणि चरबी ३० ग्रॅम असेल तर निर्देशांक ४०. छेद कुठे दिला यात प्रत्येकाची पद्धत वेगळी राहिली तर आकडे जुळत नाहीत, म्हणून फोटो काढून ठेवा.

दुसरे, मांडीच्या हाडातली मज्जा. वाघाने किंवा रानकुत्र्यांनी खाल्लेल्या शिकारीतही हे हाड बऱ्याचदा शाबूत उरते. हाडाच्या मधल्या भागातली मज्जा काढून लगेच तोला, ६० ते ६५ अंशांना वजन स्थिर होईपर्यंत सुकवा, पुन्हा तोला. २० ग्रॅमची १५ ग्रॅम उरली तर साधारण ७५ टक्के चरबी. नुसत्या डोळ्यांनीही फरक कळतो: पांढरी-घट्ट मज्जा चांगली, लालसर, पाणीदार, जेलीसारखी मज्जा उपासमारीची. २० टक्क्यांच्या आसपास किंवा खाली गेलेला आकडा गंभीर समजावा.

हाड दोन दिवस उन्हात पडले असेल तर मज्जेतले पाणी आधीच उडालेले असते आणि टक्केवारी खोटी वाढते. असे नमुने घेऊ नका. पाडसांच्या मज्जेत मुळातच चरबी कमी असते, त्यांना प्रौढांचा निकष लावू नका. मज्जा चांगली निघाली म्हणून प्राणी सुस्थितीत होता असेही नाही. मज्जेतली चरबी शेवटी जाते, तोवर बाकी सगळी संपलेली असू शकते.

खालच्या जबड्याच्या दाढाही पाहा. झिजून गुळगुळीत झालेल्या असतील तर जनावर म्हातारे होते आणि चारा भरपूर असता तरी ते बारीकच राहिले असते. क्षय, लाळ्या-खुरकूत, जुनाट हगवणीचे रोग यांनीही तसेच होते. शिकारीत सापडलेली जनावरे बऱ्याचदा फार लहान, फार म्हातारी किंवा आजारी असतात. त्यांच्यावरून सगळ्या कळपाचा अंदाज बांधू नका.

८. चाऱ्याकडे पाहा, नुसत्या हिरवाईकडे नाही

प्रौढ हरीण रोज साधारण आपल्या वजनाच्या २ ते ३ टक्के सुका चारा खाते. ५० किलोच्या चितळ मादीला एक ते दीड किलो. कुरणात १ मीटर × १ मीटरच्या चौकोनातले गवत कापून, सुकवून, तोलून चारा मोजा. पण आधी प्रजाती वेगळ्या करा. मारवेल, पवन्या, डोंगरी, मोशी हे चांगले गवत. कुसळी कोवळी असताना खाल्ली जाते, कुसळे धरली की नाही. तरोटा, रानतुळस आणि घाणेरी यांनी व्यापलेले मैदान दुरून हिरवेगार दिसते आणि चितळाच्या दृष्टीने जवळजवळ रिकामे असते.

झाडोऱ्यावर खाल्ल्याची रेषा दिसते का पाहा. ठरावीक उंचीच्या खाली पाला साफ आणि वर दाट असेल तर त्या भागावर चराईचा ताण आहे. तो चितळांचा की गुरांचा, हे शेण आणि लेंड्यांच्या मोजणीवरून ठरवा. २००६ पासून दर चार वर्षांनी होणाऱ्या देशव्यापी व्याघ्रगणनेत वनरक्षक ठरलेल्या रेषांवर चालून तृणभक्षी आणि वनस्पतींच्या नोंदी करतात. तुमच्या बीटची ती माहिती वन विभागाकडे मागा.

९. निष्कर्ष लिहिताना

मेमध्ये प्रौढ माद्यांचे सरासरी गुण २ च्या आसपास असतील आणि ऑक्टोबरमध्ये ४ वर येत असतील तर ते जंगलाचे नेहमीचे चक्र आहे. ऑक्टोबरमध्येही गुण ३ च्या वर चढत नसतील तर ती खरी धोक्याची खूण. पावसाळ्यातही अंग भरत नाही याचा अर्थ कुरणात काहीतरी बिघडले आहे किंवा रोग आहे. त्यामुळे एकाच फेरीची ऐपत असेल तर ती ऑक्टोबरअखेर करा, मेमध्ये नको.

अहवालात 'चारा टाका' अशी शिफारस घाईने करू नका. ज्वारी किंवा गव्हासारखे धान्य अचानक पोटात गेले की कोठीपोटात आम्ल वाढते आणि जनावर मरू शकते. शिवाय एका जागी गर्दी झाली की जंत आणि रोग पसरतात. घाणेरी-तरोटा काढणे, गवताच्या बिया पडण्यापूर्वी चराई थांबवणे, पाणवठे कुरणाच्या आवाक्यात ठेवणे हे उपाय संथ आहेत पण टिकतात.

अहवालाला जोडा: प्रत्येक निरीक्षणाची तारीख, वेळ, जीपीएस स्थान, अंतर, प्रकाश, लिंग, वय, सोबत पाडस आहे की नाही, गुण आणि गुण देणाऱ्याचे नाव. मूळ फोटो, न कापलेले, वन विभागाकडे आणि संस्थेकडे अशा दोन ठिकाणी जमा करा. पाच वर्षांनी दुसरा कोणी हे काम करेल तेव्हा त्याला तुमचे गुण मान्य नसतील, तर ते फोटो पाहून तो स्वतः पुन्हा गुण देऊ शकेल.